अर्धवट नावावरून फाइल कशी सापडते?

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. काटोलपासून थोड्या अंतरावर माझ्या थोरल्या भावाची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराची फळे तोडणीला आली होती आणि व्यापारी बागेत येऊन उभा होता. भाव जवळजवळ ठरला. तेवढ्यात त्याने विचारले, "शेवटची फवारणी कोणत्या तारखेची?" प्रश्न साधा, पण महत्त्वाचा. औषध फवारल्यानंतर फळ तोडण्यापूर्वी काही दिवस थांबावे लागते. किती दिवस, ते औषधाच्या डब्यावर छापलेले असते. तेवढे दिवस गेले नसतील तर औषधाचा अंश फळात राहतो आणि ते फळ शेवटी कुणाच्या तरी पोटात जाते. भावाला नेमकी तारीख आठवेना.

बागेची रोजनिशी माझी पुतणी सांभाळते. ती नववीत आहे. वहीऐवजी ती संगणकावर लिहिते. प्रत्येक नोंदीची एक लहानशी फाइल, अशा तिच्याकडे साडेचारशेच्या वर फाइली झाल्या आहेत. तिचा मला फोन आला : "काका, फवारणीची फाइल सापडूनच नाही राहिली! नाव बरोबर टाकले तरी यादी कोरीच दिसते."

मी तिला म्हटले, "नाव पूर्ण लिहू नकोस. फ, व, र एवढी तीनच अक्षरे दे."

तीन अक्षरे दिल्याबरोबर यादीत सहा नावे आली आणि त्यांत हवी ती फाइल होती. तिचे नाव होते 'फवारनी-दुसरी'. एके रात्री मुलगी झोपल्यावर बापाने ती नोंद स्वतः केली होती आणि आम्ही इकडे बोलतो तसेच नाव दिले होते. पुढचे थोडक्यात सांगतो. फवारणीला नऊच दिवस झाले होते आणि डब्यावरची मुदत त्याहून जास्त होती. तोड आठवडाभर पुढे गेली, व्यापाऱ्यानेही ते मान्य केले.

पण मित्रहो, आपल्याला जो प्रश्न सोडवायचा आहे तो वेगळा आहे. शुद्ध आणि पूर्ण शब्द दिला तेव्हा संगणक गप्प बसला. तीन तुटक अक्षरे दिली तेव्हा त्याने फाइल काढून दिली. असे का व्हावे? आणि हे शोधयंत्र आपल्या सोयीप्रमाणे बदलून घेता येते का?

एक्सप्रेस गाडीचा नियम

संगणकावर नुसता मजकूर लिहिण्यासाठी जी आज्ञावली वापरतात तिला टेक्स्ट एडिटर म्हणतात. ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला व्हिम हा असाच एक जुना आणि अजूनही वापरात असलेला एडिटर. अशा एडिटरला वरून लहान लहान आज्ञावल्या जोडता येतात. त्यांना प्लगइन म्हणतात. फाइल शोधून देणारे प्लगइन हे त्यांतले सर्वांत उपयोगी, असे माझे मत आहे. टेक्स्टमेट या २००४ सालच्या एडिटरमध्ये नावातली थोडी अक्षरे टाइप करून फाइल उघडायची सोय होती. ती लोकांना आवडली आणि मग इतर एडिटरांसाठीही तशी प्लगइने निघाली. कोरियातील जुनेगन चोई यांनी २०१३ साली लिहायला घेतलेली 'एफझेडएफ' ही आज्ञावली त्यांतली बरीच लोकप्रिय आहे. माझी पुतणी तीच व्हिमला जोडून वापरते, म्हणून उदाहरणे तिचीच घेऊ.

या शोधाचा मूळ नियम समजायला आपली नागपूर–इटारसी रेल्वे पुरेशी आहे. नागपूरहून निघालेली पॅसेंजर कळमेश्वर, कोहळी, सोनखांब, मेटपांजरा, काटोल, नरखेड, पांढुर्णा अशी एकेक स्टेशन घेत जाते. एक्सप्रेस मधली बरीच स्टेशने सोडते. पण कोणतीही एक्सप्रेस आधी नरखेडला थांबून मग काटोलला येत नाही! स्टेशने गाळता येतात, त्यांचा क्रम बदलता येत नाही.

शोधयंत्राचा नियम हाच. फाइलचे पूर्ण नाव म्हणजे पॅसेंजर आणि आपण टाइप केलेली अक्षरे म्हणजे एक्सप्रेसचे थांबे. आपण दिलेली सगळी अक्षरे त्याच क्रमाने नावात कुठेतरी आली पाहिजेत. मध्ये कितीही अक्षरे सुटली तरी चालतील. गणितात अशा तुटक अक्षरमालेला उपक्रमिका म्हणता येईल. 'मपज' ही 'मेटपांजरा'ची उपक्रमिका आहे, 'मजप' नाही.

हे तपासणे संगणकाला फार सोपे जाते. नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवा आणि शोधातले पहिले अक्षर सापडेपर्यंत बोट पुढे सरकवा. सापडले की शोधातले दुसरे अक्षर घ्या, बोट मात्र मागे नेऊ नका. नाव संपण्यापूर्वी शोधातली अक्षरे संपली तर नाव जुळले. बोट एकदाच डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून चाळीस अक्षरांच्या नावाला फार तर चाळीस तुलना लागतात. पाच हजार फाइली असल्या तरी दोन लाख तुलना झाल्या. आजच्या साध्या संगणकाला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणूनच तुम्ही एकेक अक्षर टाइप करत असताना यादी डोळ्यांदेखत आखडत जाते.

आता फवारणीचे कोडे उलगडा. 'फवारणी' मधला 'ण' हा 'फवारनी' या नावात मुळीच नाही. ज्या स्टेशनावरून गाडी जातच नाही त्या स्टेशनाचे तिकीट मागितल्यासारखे ते झाले. उलट फ, व आणि र हे तिन्ही थांबे त्या मार्गावर आहेत. या शोधात अक्षर गाळणे माफ आहे, चुकीचे अक्षर घालणे माफ नाही. तेव्हा जितके जास्त टाइप कराल तितकी चुकण्याची संधी जास्त. नवशिके नेमके उलटे करतात. सापडत नाही म्हणून आणखी अक्षरे घालतात.

मात्रा हेही स्टेशनच

येथे देवनागरीचा एक विशेष लक्षात घ्यायला हवा. आपण 'का' हे एक अक्षर मानतो. संगणकात मात्र 'क' आणि काना अशी दोन वेगळी चिन्हे साठवलेली असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक संकेतावलीत पहिल्या, म्हणजे १९९१ सालच्या आवृत्तीपासून देवनागरी आहे आणि तिच्या मुख्य भागात १२८ जागा राखलेल्या आहेत. व्यंजन, मात्रा, अनुस्वार, एवढेच नव्हे तर पाय मोडणारे हलन्त चिन्हसुद्धा स्वतंत्र जागा घेऊन बसते.

त्यामुळे 'मेटपांजरा' हे आपल्या दृष्टीने पाच अक्षरी नाव संगणकाच्या दृष्टीने नऊ चिन्हांचे होते : म, एकाराची मात्रा, ट, प, काना, अनुस्वार, ज, र, काना. प्रत्येक चिन्ह घ्यायचे की गाळायचे असे दोन पर्याय धरले तर निवडीचे प्रकार २ चा नववा घात, म्हणजे ५१२ होतात. सगळीच चिन्हे गाळल्याचा एक वजा केला की ५११ उरतात. (काना दोनदा आल्यामुळे काही निवडी दिसायला सारख्या असतील.) इतक्या वेगवेगळ्या वाटांनी त्या एका फाइलपर्यंत पोहोचता येते.

मराठी लिहिणाऱ्याला याचा एक मोठा फायदा आहे. मात्रा ही वेगळे चिन्ह असल्यामुळे ती गाळता येते. 'पांढुर्णा' मधला उकार ऱ्हस्व की दीर्घ, अशी शंका आली तर उकार देऊच नका. नुसते 'पढरण' टाइप करा. रफार म्हणजे र आणि हलन्त, तोही आपोआप जुळतो. जुन्या मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा करत नसत आणि तरीही त्या लिपीत शेकडो वर्षे कारभार चालला. व्यंजनांचा सांगाडा शब्द ओळखायला बराचसा पुरतो, हे त्या कारकुनांना चांगले ठाऊक होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. शब्दाच्या आरंभीचा स्वतंत्र स्वर आणि त्याची मात्रा ही संगणकाला दोन भिन्न चिन्हे आहेत. 'उल्का' मधला 'उ' देऊन 'उकार' सापडणार नाही. आणि काही अक्षरे लिहायच्या एकापेक्षा अधिक रीती आहेत. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. 'ॲ' हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येते किंवा 'अ'वर अर्धचंद्र ठेवूनही. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण शोधयंत्राला ती सारखी नसतात. फ्रेंच किंवा जर्मन अक्षरांवरचे टिंब-टोप दुर्लक्षित करायची सोय एफझेडएफमध्ये आहे, पण ती रोमन लिपीपुरती. देवनागरीची काळजी आपली आपणच घ्यायची.

गुणपत्रिका

जुळणारी नावे शोधणे झाले. पण तीस नावे जुळली तर पहिल्या ओळीवर कोणते दाखवायचे? येथे खरी करामत आहे. प्रत्येक नावाला गुण देतात आणि गुणानुक्रमे यादी लावतात.

कागद-पेन्सिल घ्या. आपण पुढील नियम वापरू. जुळलेल्या प्रत्येक चिन्हाला १६ गुण. ते शब्दाच्या आरंभी असेल, म्हणजे नावाच्या सुरुवातीला किंवा आडव्या रेघेनंतर लगेच आले असेल, तर वर ८ गुण. आधीच्या जुळलेल्या चिन्हाला लागूनच असेल तर वर ४ गुण. दोन जुळण्यांमध्ये चिन्हे सुटली तर पहिल्या सुटलेल्या चिन्हाला ३ गुण वजा आणि त्यानंतरच्या प्रत्येकाला १ वजा. हे आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. एफझेडएफच्या आज्ञावलीत हेच मूळ आकडे आहेत. तेथे आणखी काही बारकावे आहेत (पहिल्या अक्षराला आरंभाचा लाभ दुप्पट मिळतो, वगैरे), ते सोडून देऊ.

समजा, खताच्या दरांची फाइल हवी आहे. तिचे नाव 'खत-दर'. पुतणी शोधात 'खद' टाइप करते. ख जुळला आणि तो आरंभी आहे : १६ + ८ = २४. मग त आणि रेघ सुटली : ३ + १ = ४ वजा. द रेघेनंतर आहे : पुन्हा २४. एकूण ४४.

त्याच फोल्डरमध्ये 'खोदकाम' नावाची फाइल आहे. खड्डे खणण्याच्या मजुरीची. ख चे २४. ओकाराची मात्रा सुटली, ३ वजा. द शब्दाच्या मध्ये आहे, म्हणून नुसते १६. एकूण ३७. अर्थात 'खत-दर' वर, 'खोदकाम' खाली. आद्याक्षरे देऊन शोधणाऱ्याला जे अपेक्षित असते तेच झाले.

प्रत्यक्षात मात्र पुतणीच्या संगणकावर 'खोदकाम' वर आणि 'खत-दर' खाली येत होते! मी बराच वेळ डोके खाजवले. कारण सापडले ते युनिकोडच्या वर्गवारीत. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक जात नेमून दिली आहे : अक्षर, अंक, विरामचिन्ह इत्यादी. व्यंजने आणि स्वतंत्र स्वर अक्षरांच्या जातीत आहेत. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त मात्र अक्षर नव्हेत. त्यांचा वर्ग वेगळा, जोडचिन्हांचा. आज्ञावली विचारते, "हे अक्षर आहे का?" मात्रेसाठी उत्तर येते, "नाही." मग ती मात्रेलाही आडव्या रेघेप्रमाणे शब्द तोडणारे चिन्ह समजते, आणि मात्रेनंतर आलेल्या व्यंजनाला शब्दाच्या आरंभाचे ८ गुण बहाल करते. 'खोदकाम'मधल्या द ला ते फुकटचे ८ गुण मिळतात आणि बेरीज होते २४ – ३ + २४ = ४५. एका गुणाने पहिला नंबर!

ज्याने हे लिहिले त्याची यात लबाडी नाही. इंग्रजीत मात्रा नसतात, त्यामुळे तेथे हा प्रश्नच उभा राहत नाही. आपल्या लिपीत काम करणाऱ्याने तो ओळखायचा आणि त्यावर उपाय करायचा. उपाय सोपा निघाला. शोधात रेघही टाइप करायची : 'ख-द'. रेघ हाही एक थांबा झाला, आणि 'खोदकाम'च्या मार्गावर रेघ नावाचे स्टेशनच नाही. ते यादीतून बाहेर पडले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक फाइलच्या नावात निदान एक रेघ असतेच.

गुण मोजताना आणखी एक पेच येतो. 'दिनांक-दर' या नावात 'दर' शोधायचे आहे. द दोनदा आला आहे. पहिला द घेतला तर शेवटच्या र पर्यंत सात चिन्हे सुटतात आणि गुण होतात २४ – ९ + १६ = ३१. दुसरा द घेतला तर २४ + २० = ४४. म्हणजे समोर आलेले पहिले अक्षर उचलणे नेहमी हिताचे नसते. सगळ्या शक्यता एकेक करून तपासायच्या तर वेळ फार जाईल. म्हणून एक तक्ता मांडतात : आडव्या ओळीत नावातली चिन्हे, उभ्या ओळीत शोधातली. प्रत्येक घरात 'येथपर्यंत जास्तीत जास्त किती गुण मिळतील' हे लिहायचे, आणि ते आधी भरलेल्या शेजारच्या घरांवरून काढायचे. एकदा काढलेले उत्तर पुन्हा काढावे लागत नाही. ही रीत स्मिथ आणि वॉटरमन या दोघा शास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडली. त्यांना फाइली शोधायच्या नव्हत्या! दोन प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या लांबलचक साखळ्यांत कोणता तुकडा सारखा आहे, हे त्यांना शोधायचे होते. एफझेडएफ याच रीतीची थोडी बदललेली आवृत्ती वापरते. जीवशास्त्रातले हत्यार एडिटरमध्ये आले, ते असे.

आपल्या मापाचे करून घेणे

आता शोधयंत्र सोयीप्रमाणे बदलण्याविषयी. बहुतेक जण आधी रंग आणि खिडकीचा आकार बदलतात. हरकत नाही, पण त्याने शोध सुधारत नाही. सर्वांत आधी बदलायची ती यादी.

एफझेडएफची एक गोष्ट मला फार आवडते. तिला फाइली म्हणजे काय हे कळण्याची गरज नसते. तिला कोणीतरी एकाखाली एक ओळी द्यायच्या. ती त्यांतून निवड करून निवडलेली ओळ परत देते. ओळी कोणी द्यायच्या हे आपण सांगू शकतो. पुतणीच्या संगणकात जुन्या प्रतींचे एक फोल्डर होते. त्यामुळे प्रत्येक नाव दोनदा दिसे. यादी बनवणाऱ्या आज्ञेला 'ते फोल्डर वगळ' एवढे सांगितले आणि निम्मा गोंधळ संपला. फोटो आणि गाणीही वगळली, कारण ती एडिटरमध्ये उघडायचीच नसतात. कचरा आत न येऊ देणे हे नंतर निवडत बसण्यापेक्षा केव्हाही बरे.

दुसरी निवड : शोध नुसत्या नावात करायचा, की फोल्डरच्या संपूर्ण वाटेसकट? तिने शाळेच्या प्रकल्पासाठी उल्केची माहिती जमवली आहे. २२ मे २०१२ रोजी काटोल परिसरात उल्का कोसळली होती, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी घरी ऐकले असेल. त्या अशनीत ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या पोटात खोलवर आढळणारे खनिज खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना सापडले, ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. तर ती माहिती 'विज्ञान' फोल्डरातल्या 'उल्का' फोल्डरात आहे. संपूर्ण वाटेत शोध ठेवला तर 'व-उ-क' अशी आद्याक्षरे देऊनही तेथे पोहोचता येते. पण वाट लांब असली की अक्षरे योगायोगाने जुळण्याची शक्यताही वाढते. आम्ही वाटेसकट शोध ठेवला. ज्यांचे सगळे एकाच फोल्डरात असते त्यांनी तो नुसत्या नावापुरता ठेवावा.

गुण सारखे झाले तर काय करायचे, हेही ठरवता येते. नेहमीचा नियम असा की लहान नाव वर. तो बहुधा ठीक असतो.

शोधातही काही खुणा वापरता येतात, त्या पाठच करून टाका. शब्दाआधी एकेरी अवतरणचिन्ह दिले तर तो शब्द सलग, न तुटता आला पाहिजे. शब्दाआधी उद्गारचिन्ह दिले तर तो शब्द असलेली नावे वगळली जातात. शब्दामागे डॉलरचे चिन्ह दिले तर नाव त्या शब्दाने संपले पाहिजे. मध्ये जागा सोडून दोन शब्द दिले तर दोन्ही जुळले पाहिजेत, मात्र त्यांचा क्रम कोणताही चालतो. ही शेवटची खूण फार कामाची. नाव 'मृग-फवारणी' होते की 'फवारणी-मृग', हे आठवत नसले तरी 'फवर मग' देऊन काम भागते.

त्याखेरीज निवडलेल्या फाइलचा मजकूर शेजारच्या चौकटीत उघडण्याआधीच दिसेल अशी व्यवस्था करता येते, आणि शोध सुरू करायला हाताला सोयीची कळ नेमता येते. पुतणीने कंट्रोल आणि पी या दोन कळा नेमल्या आहेत. मराठी कळफलक चालू असताना ती जोडी चालत नाही, असे तिला एकदा आढळले. म्हणून तिने एफ-पाच ही कळही त्याच कामाला लावून ठेवली.

न आणि ण

राहिला मूळ प्रश्न. फवारणी आणि फवारनी यांचे काय करायचे?

अक्षरे गाळण्याबरोबरच बदलणे आणि नवीन घालणे यांनाही माफी देणारे मोजमाप आहे. सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी ते १९६५ साली मांडले. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती फेरफार लागतात, ते त्या दोन शब्दांमधले अंतर. फवारणी आणि फवारनी यांच्यातले अंतर १. शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावल्यांना या कल्पनेचा फार उपयोग होतो. आपल्या एक्सप्रेसच्या नियमात तीनपैकी एकाच फेरफाराला परवानगी होती. येथे तिन्हींना आहे. मग फाइली शोधायला हेच का वापरू नये? कारण 'फवर' आणि 'फवारनी-दुसरी' यांच्यातले अंतर नऊ भरते. आपण मुद्दाम थोडेच टाइप करतो, आणि या मापाने थोडे लिहिणे हीच मोठी चूक ठरते.

बोलीभेदावर अमेरिकेतही एक तोडगा निघाला होता. आडनावे ऐकून लिहिणारा प्रत्येक जण वेगळे लिहितो, म्हणून रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. उच्चाराने जवळची अक्षरे तिच्यात एकाच आकड्याने दाखवतात आणि स्वर बहुतेक गाळतात. पुढे ही पद्धत साउंडेक्स या नावाने तिकडच्या जनगणनेच्या कागदांत नावे शोधायला वापरली गेली.

त्याच धर्तीवर पुतणीने दहा-बारा ओळींची एक छोटी आज्ञावली लिहिली. यादी शोधयंत्राकडे जाण्यापूर्वी ती प्रत्येक नावापुढे त्याचे 'घरगुती' रूप जोडते : ण चा न, ळ चा ल, आणि देवनागरी अंकांचे रोमन अंक. (२०१२ हे वर्ष दोन लिप्यांत लिहिले तर संगणकाला दोन वेगळी वर्षे वाटतात, हे विसरू नका.) शोधणाऱ्याने नियम एकच पाळायचा : नेहमी न आणि ल टाइप करायचे. मग फाइलचे नाव बापाने ठेवलेले असो की लेकीने, ती सापडते. निवड झाल्यावर आज्ञावली घरगुती रूप तोडून टाकते आणि मूळ नावाची फाइल उघडते. मात्रांची काळजी घ्यायला नको, कारण त्या आम्ही टाइपच करत नाही.

याची किंमतही आहे. ओळ लांब झाल्यामुळे कधी पहिले अक्षर मूळ नावात आणि दुसरे घरगुती रूपात जुळते, आणि नको ती नावे यादीत येतात. मध्ये पुष्कळ चिन्हे सुटलेली असल्याने त्यांचे गुण कमी होतात आणि ती खाली राहतात, एवढेच समाधान. भावाने ही सगळी व्यवस्था पाहिली आणि विचारले, "मग माझे फवारनी चुकीचे की बरोबर?" पुतणी म्हणाली, "बाबा, तुमचे तुम्ही लिहा. सापडवायचे मी बघते."

घरी करून पाहा

१. तुमच्या वर्गाचा हजेरीपट घ्या. कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव ओळखायला मात्रा सोडून कमीत कमी किती व्यंजने पुरतात? ज्यांना सर्वांत जास्त लागतात अशी दोन नावे कोणती?

२. 'खरेदी-नोंद' या नावात 'खद' शोधले तर किती गुण मिळतील? एकदा मात्रेला साधे चिन्ह मानून आणि एकदा शब्द तोडणारे चिन्ह मानून मोजा. (उत्तरे : ३६ आणि ४४. दुसऱ्या रीतीने हे नाव 'खत-दर'च्या बरोबरीला येते. मग लहान नाव वर, या नियमाने निकाल लागतो.)

३. कोहळी, सोनखांब, मेटपांजरा, काटोल, नरखेड या नावांत अशी एक जोडी शोधा की एकाच दोन व्यंजनी शोधाने दोन्ही नावे जुळतील. सापडली नाही तर तुमच्या तालुक्यातल्या सर्व गावांची यादी घेऊन पुन्हा पाहा.